'लुक' नीट वापरायचं तर: बघणं, दिसणं, शोधणं आणि शेजारचा छोटा शब्द

फळा बघ. माझ्याकडे बघ. मी येईपर्यंत बाळाला बघ. हा शब्द कोशात बघ. तक्रार आली आहे, जरा बघा काय झालंय ते. मराठीत पाचही वाक्यांत क्रियापद एकच आहे आणि अर्थ संदर्भावरून कळतो. इंग्रजीतही पाचही ठिकाणी 'लुक' चालतं, पण एकटं चालत नाही. शेजारचा शब्द दर वेळी बदलतो आणि अर्थ तोच ठरवतो: लुक ॲट म्हणजे बघणं, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक अप म्हणजे कोशात किंवा यादीत शोधणं, लुक इन्टू म्हणजे चौकशी करणं, लुक फॉर म्हणजे हरवलेली किंवा हवी असलेली वस्तू शोधणं. एकटं 'लुक' फक्त नजर वळवतं. ती कुठे, कशासाठी आणि किती खोलवर, हे पुढचा शब्द सांगतो.

म्हणून 'लुक'चा अर्थ 'बघणे' असा पाठ करू नका. 'लुक फॉर' हे एक क्रियापद, 'लुक आफ्टर' हे दुसरं क्रियापद, अशी वहीत वेगवेगळी नोंद करा. वाक्य बनवताना आधी मराठीत स्वतःला विचारा की इथे नेमकं काय चाललंय: बघणं, दिसणं, शोधणं की सांभाळणं? त्यावरून जोडी निवडा. मग काळ लावा. काळ लावताना बदल फक्त 'लुक'मध्ये होतो, शेजारच्या शब्दाला हात लागत नाही: लुक फॉर, लुक्स फॉर, लुक्ट फॉर, लुकिंग फॉर. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी काळाच्या मागे लागलं, की शेजारचा शब्द गळतो. सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

रूपं आणि उच्चार

रूपं चारच: लुक, लुक्स, लुक्ट, लुकिंग. दुसरं आणि तिसरं रूप एकच असल्यामुळे पाठांतराचा त्रास नाही. उच्चारात मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मराठी लेखनाच्या सवयीनं आपण 'लूक' असं दीर्घ लिहितो, कारण आपल्याकडे शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा उकार दीर्घ होतो (दूध, मूल, फूल). इंग्रजी उच्चार ऱ्हस्व आहे. तो दीर्घ केला तर ऐकणाऱ्याला एका पुरुषाचं नाव ऐकू येतं.

दुसरी गोष्ट भूतकाळाची. शेवटी 'ईडी' लिहिलेलं असलं तरी उच्चार 'लुकेड' नाही आणि 'लुक्ड'ही नाही. 'क' हा अघोष, म्हणजे गळा न थरथरता निघणारा ध्वनी आहे, त्यामुळे त्याच्यामागून येणारा 'ड' आपोआप 'ट' होतो: लुक्ट, वर्क्ट, आस्क्ट, वॉक्ट. वेगळा 'इड' फक्त मूळ क्रियापद 'ट' किंवा 'ड'ने संपतं तेव्हाच येतो, जसं वॉन्टेड, नीडेड. भरभर बोलताना 'लुक्ट फॉर'मधला 'ट' जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून ऐकताना काळ ओळखायचा तो यस्टरडे, लास्ट वीक अशा वेळदर्शक शब्दांवरून. बोलताना आणि लिहिताना मात्र तो गाळू नका.

नकार आणि प्रश्नांत काळाचा भार 'डू', 'डज', 'डिड' उचलतात, म्हणून 'लुक' मूळ रूपावर परत येतं. 'ही डज नॉट लुक्स' आणि 'डिड यू लुक्ट' या चुका आहेत. बरोबर: ही डज नॉट लुक वेल. डिड यू लुक इन द ड्रॉवर? भूतकाळ एका वाक्यात एकदाच दाखवायचा, 'डिड'नं तो दाखवला की 'लुक' मोकळं.

'ॲट' कधी लागतं

बघण्याचं कर्म पुढे असेल तर 'ॲट' हवंच. 'लुक द बोर्ड' चूक, 'लुक ॲट द बोर्ड' बरोबर. 'फळ्याकडे बघ' म्हणतानाचा 'कडे' मनात ठेवला तर 'ॲट' सुटत नाही. घोटाळा होतो तो 'फळा बघ' हेही मराठीत चालतं म्हणून. 'कडे' गेलं की इंग्रजीतलं 'ॲट'ही जातं.

कर्म नसेल तर 'ॲट' लावायचं नाही. नुसतं 'लुक!' हे पूर्ण वाक्य आहे. हिअर, देअर, अप, डाउन, अराउंड हे शब्द स्वतःच दिशा सांगतात, त्यामुळे 'लुक ॲट हिअर' होत नाही, 'लुक हिअर' होतं. आणखी एक सूट आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. पुढे व्हॉट, व्हेअर, हू यांनी सुरू होणारं उपवाक्य असेल तर बोलण्यात 'ॲट' गळतं: लुक व्हॉट यू हॅव्ह डन (बघ काय करून ठेवलंस), लुक व्हेअर यू आर गोइंग (बघून चाल). इथे 'ॲट'चा आग्रह धरू नका.

प्रश्नात मात्र ते टिकतं आणि वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं. तू काय बघतोयस? व्हॉट आर यू लुकिंग ॲट? तू काय शोधतोयस? व्हॉट आर यू लुकिंग फॉर? दोन्ही प्रश्नांत फरक फक्त शेवटच्या शब्दाचा आहे. तो गाळून 'व्हॉट आर यू लुकिंग?' म्हटलं तर वाक्य अर्धवट राहतं, आणि समोरच्याला बघण्याबद्दल विचारलंय की शोधण्याबद्दल, तेही कळत नाही.

लुक, सी आणि वॉच

मराठी माणसाची खरी परीक्षा इथे आहे, कारण 'बघणे' तिन्ही ठिकाणी चालतं. 'लुक'मध्ये नजर मुद्दाम वळवलेली असते. 'सी'मध्ये डोळ्यांना आपोआप दिसतं, प्रयत्न असो वा नसो. 'वॉच'मध्ये हलणाऱ्या किंवा बदलणाऱ्या गोष्टीवर काही वेळ लक्ष ठेवलेलं असतं. एका वाक्यात लुक आणि सी दोन्ही बसवले की फरक पक्का होतो: आय लुक्ट आउट बट आय कुड नॉट सी एनीथिंग. बाहेर बघितलं, पण काही दिसलं नाही. मराठीतही इथे 'बघणे' आणि 'दिसणे' वेगळे होतात. ही जोडी लक्षात ठेवा.

'मला पक्षी दिसतोय' याचं 'आय ॲम सीइंग अ बर्ड' करू नका. डोळ्यांना दिसण्यासाठी 'सी'चं चालू काळातलं रूप वापरत नाहीत, 'आय कॅन सी अ बर्ड' म्हणतात. 'आय ॲम सीइंग'चा अर्थ भेटणं असा होतो (आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो), आणि एखाद्या व्यक्तीबद्दल म्हटलं तर प्रेमसंबंध आहेत असा अर्थ लागतो. सामना आणि टीव्ही यांना वॉच. 'लुकिंग ॲट द टीव्ही' म्हटलं तर टीव्हीच्या पेटीकडे टक लावून बसल्यासारखं वाटतं. सिनेमाला सी आणि वॉच दोन्ही चालतात.

'करून बघ', 'विचारून बघ', 'घालून बघ' यांतलं 'बघ' डोळ्यांचं नाहीच. तिथे 'लुक' आणायचा मोह टाळा, 'ट्राय' वापरा: ट्राय इट ऑन, ट्राय आस्किंग हर. 'बघू या', 'बघतो' असं मोघम उत्तर द्यायचं असेल तर 'लेट्स सी' किंवा 'आय विल सी'.

आणि सुरुवातीचं 'हे बघा'! मराठीत ते समजावणीचं, कधी कधी मायेचंही असतं. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला 'लुक,' म्हटलं की बोलणारा वैतागलाय असं वाटतं. वरिष्ठांशी, ग्राहकाशी किंवा मुलाखतीत ते टाळा. त्याऐवजी 'यू सी' किंवा 'वेल' म्हणा. व्याकरण बरोबर असूनही सूर बिघडतो, म्हणून ही चूक कुणी दुरुस्त करत नाही आणि ती वर्षानुवर्षं राहते.

दिसणं: इथे ॲट नको, क्रियाविशेषण नको

'लुक'चा दुसरा मोठा अर्थ 'दिसणे'. शी लुक्स टायर्ड. द रूम लुक्स स्मॉल. इथे कर्म नाही, म्हणून 'ॲट' नाही. पुढे येतं ते विशेषण. मराठीत 'सुंदर' हा शब्द 'सुंदर मुलगी' आणि 'सुंदर दिसते' दोन्हींत तसाच राहतो, पण शाळेत 'क्रियापदानंतर क्रियाविशेषण' हा नियम घोटून घेतलेला असतो, म्हणून 'शी लुक्स ब्यूटिफुली' असं तोंडातून जातं. ते चूक आहे. 'ब्यूटिफुल' हे दिसण्याच्या क्रियेचं वर्णन नाही, त्या मुलीचं वर्णन आहे. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा:

शी लुक्ट अँग्री. (ती रागावलेली दिसली.)
शी लुक्ट ॲट मी अँग्रिली. (तिनं माझ्याकडे रागानं बघितलं.)

पहिल्यात 'दिसणे', म्हणून विशेषण. दुसऱ्यात 'बघणे', म्हणून ॲट आणि क्रियाविशेषण. 'ली' लावायचं की नाही हा प्रश्न मराठी अर्थ विचारला की लगेच सुटतो.

'सारखं दिसणं' असेल तर 'लाइक', आणि 'लाइक'च्या पुढे नाम: ही लुक्स लाइक हिज फादर. इट लुक्स लाइक अ गुड आयडिया. विशेषणापुढे 'लाइक' लावू नका, 'ही लुक्स लाइक टायर्ड' चूक. पूर्ण उपवाक्य पुढे आलं तर 'ॲज इफ', बोलण्यात 'लाइक'ही: इट लुक्स ॲज इफ दे हॅव्ह लेफ्ट. 'असं दिसतंय की' याचं शब्दशः 'इट लुक्स दॅट' होतं, पण इंग्रजीत ते चालत नाही. 'दॅट' हवंच असेल तर क्रियापद बदलून 'इट सीम्स दॅट' म्हणा.

आता सर्वांत पसरलेली चूक: 'हाउ डज शी लुक लाइक?' इथे दोन बरोबर प्रश्नांची सरमिसळ झाली आहे. 'हाउ डज शी लुक?' म्हणजे आत्ता कशी दिसतेय, तब्येत कशी वाटतेय, कपडे कसे दिसतायत. 'व्हॉट डज शी लुक लाइक?' म्हणजे दिसायला कशी आहे, उंच की बुटकी, केस कसे, म्हणजे न पाहिलेल्या माणसाचं वर्णन. मराठीत दोन्हींना 'कशी दिसते' म्हणतात, म्हणून गोंधळ. हाउ आलं की लाइक नाही, व्हॉट आलं की लाइक हवंच.

दिसण्याच्या अर्थानं चालू काळ वापरावा का? तात्पुरती अवस्था असेल तर दोन्ही चालतं: यू लुक वेल, यू आर लुकिंग वेल. कायमची गोष्ट असेल तर साधा काळच. 'ही इज लुकिंग लाइक हिज फादर' चूक आहे, कारण चेहरामोहरा आजपुरता नसतो. मात्र हळूहळू बदल होत असेल तर चालू काळ पुन्हा शोभतो: ही इज लुकिंग मोअर अँड मोअर लाइक हिज फादर. दिवसेंदिवस वडिलांसारखा दिसायला लागलाय.

काळ: 'लुक फॉर' घेऊन बघू

किल्ली हरवली आहे. आत्ता शोधतोय: आय ॲम लुकिंग फॉर माय कीज. तू फोन केलास तेव्हा शोधत होतो: आय वॉज लुकिंग फॉर माय कीज व्हेन यू कॉल्ड. उद्या शोधीन: आय विल लुक फॉर देम टुमॉरो. इथपर्यंत कुणी अडत नाही. अडचण पुढच्या तीन ठिकाणी येते.

पहिली अडचण 'पासून'ची. 'सकाळपासून शोधतोय' यात मराठीला साधा चालू काळ पुरतो, म्हणून 'आय ॲम लुकिंग फॉर माय कीज सिन्स मॉर्निंग' असं म्हटलं जातं. इंग्रजीत क्रिया मागे सुरू होऊन आत्तापर्यंत चालू असेल तर 'हॅव्ह बीन' लागतं: आय हॅव्ह बीन लुकिंग फॉर माय कीज सिन्स द मॉर्निंग. यातच दुसरा सापळा आहे. मराठीत 'सकाळपासून' आणि 'दोन तासांपासून' दोन्हींना 'पासून', म्हणून 'सिन्स टू अवर्स' होतं. सुरुवातीचा क्षण सांगत असाल तर सिन्स (सकाळ, सोमवार, 2019), लांबी सांगत असाल तर फॉर (दोन तास, तीन दिवस). मग एका वाक्यात दोन 'फॉर' येतात: आय हॅव्ह बीन लुकिंग फॉर माय कीज फॉर टू अवर्स. चुकल्यासारखं वाटतं, पण बरोबर आहे. पहिला 'लुक'चा जोडीदार, दुसरा वेळेचा.

दुसरी अडचण पूर्ण वर्तमानकाळाची, म्हणजे प्रेझेंट परफेक्टची. आय हॅव्ह लुक्ट एव्हरीव्हेअर. सगळीकडे बघून झालंय, आणि त्याचा परिणाम आत्ताचा आहे: अजून किल्ली नाही. या काळाबरोबर संपलेली वेळ सांगता येत नाही. मराठीत 'काल बघितलंय मी तिथे' सहज म्हणतो, पण 'आय हॅव्ह लुक्ट देअर यस्टरडे' चूक. यस्टरडे आलं की हॅव्ह काढा: आय लुक्ट देअर यस्टरडे. हाच फरक सांभाळण्याच्या वाक्यात फार मोलाचा आहे:

शी हॅज लुक्ट आफ्टर हर मदर फॉर टेन इयर्स. (दहा वर्षं सांभाळतेय, आजही.)
शी लुक्ट आफ्टर हर मदर फॉर टेन इयर्स. (दहा वर्षं सांभाळलं. आता ते संपलं.)

एका 'हॅज'वर आई हयात आहे की नाही, याचा अंदाज ऐकणारा बांधू शकतो. अशा ठिकाणी काळ म्हणजे परीक्षेतला एक गुण उरत नाही.

तिसरी अडचण 'हॅड'ची. मराठीत 'मी काल फाइल बघितली होती' हे साध्या भूतकाळाइतकंच नेहमीचं वाक्य आहे, आणि त्या 'होती'चं 'हॅड' होतं: आय हॅड लुक्ट ॲट द फाइल यस्टरडे. ऐकणारा मग पुढच्या घटनेची वाट बघत राहतो, कारण 'हॅड लुक्ट' म्हणजे भूतकाळातल्या दुसऱ्या गोष्टीच्याही आधी. ती दुसरी गोष्ट असेल तरच वापरा: आय हॅड लुक्ट इन एव्हरी ड्रॉवर बिफोर शी केम होम. ती येण्याआधीच सगळे खण बघून झाले होते. एकच घटना असेल तर 'आय लुक्ट ॲट द फाइल यस्टरडे' इतकं पुरे. लिहून झाल्यावर प्रत्येक 'हॅड'ला 'कशाच्या आधी?' असं विचारा. उत्तर मिळालं नाही तर तो काढून टाका.

जाता जाता 'फाइंड'बद्दल. लुक फॉर हा शोधण्याचा खटाटोप, फाइंड हे सापडणं. आय लुक्ट फॉर इट बट आय कुड नॉट फाइंड इट. 'सर्च' वापरणार असाल तर जपून: 'सर्च'च्या लगेच पुढे जागा येते, वस्तू नाही. 'आय सर्च्ड माय बॅग' म्हणजे बॅगेत शोधलं. बॅगच हरवली असेल तर 'आय सर्च्ड फॉर माय बॅग'.

लुक फॉरवर्ड टू

पत्राच्या आणि ईमेलच्या शेवटी हे येतं आणि बहुतेक वेळा चुकतं. 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' चूक. बरोबर: आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू. कारण असं की 'टू' दोन प्रकारचे असतात. 'आय वॉन्ट टू गो'मधला 'टू' क्रियापदाच्या मूळ रूपाला चिकटलेला असतो. 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' मात्र ॲट किंवा फॉर यांच्या जातीचा, म्हणजे नामाच्या आधी येणारा आहे. त्याच्यापुढे नाम हवं, किंवा नामासारखं वागणारं 'इंग' लावलेलं रूप. ओळखायची खूण सोपी आहे: 'टू'नंतर 'इट' (म्हणजे 'ते', खाण्याचं 'ईट' नव्हे) ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' चालतं, म्हणून पुढे मीटिंग, हिअरिंग, वर्किंग. 'आय वॉन्ट टू इट' चालत नाही, म्हणून पुढे मीट, हिअर, वर्क.

नाम थेट ठेवणं त्याहून सुरक्षित: आय लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय. औपचारिक पत्रात साधा काळ (आय लुक फॉरवर्ड), ओळखीच्या माणसाला चालू काळ (आय ॲम लुकिंग फॉरवर्ड). दुसऱ्यात जवळीक जास्त वाटते.

याचा अर्थ नुसतं 'वाट पाहणे' नाही. यात आनंदाची उत्सुकता आहे. बसची वाट बघताना 'वेट फॉर' म्हणा. अप्रिय गोष्टीला, उदाहरणार्थ शस्त्रक्रियेला किंवा कुणाच्या राजीनाम्याला, 'लुकिंग फॉरवर्ड' लावलं तर तुम्हाला त्याचा आनंद होतोय असा अर्थ निघतो.

कार्यालयीन लेखनातले जवळचे शब्द

'प्लीज लुक इन्टू द अटॅच्ड फाइल' असं सर्रास लिहिलं जातं. लुक इन्टू म्हणजे अडचणीच्या मुळाशी जाऊन चौकशी करणं. फाइल फक्त वाचायची असेल तर लुक ॲट. चुका तपासायच्या असतील तर लुक ओव्हर. मोठ्या गठ्ठ्यातून चाळायचं असेल तर लुक थ्रू. बिलात चूक झाली आहे आणि ती का झाली ते शोधायचंय, तेव्हा लुक इन्टू. नामरूपात 'हॅव्ह अ लुक ॲट' म्हणा. अमेरिकेत 'टेक अ लुक ॲट' जास्त, ब्रिटनमध्ये 'हॅव्ह'. 'लुक ऑन दिस' किंवा 'हॅव्ह अ लुक ऑन' नको. 'वर नजर टाका' मधल्या 'वर'मुळे 'ऑन' येतं, पण 'लुक ऑन' म्हणजे बाजूला उभं राहून नुसतं बघत बसणं.

'लुक आफ्टर'नंतर 'ऑफ' येत नाही. ते 'टेक केअर ऑफ'मधून घुसतं. लुक अप टू म्हणजे आदर बाळगणं, लुक डाउन ऑन म्हणजे कमी लेखणं. इथे 'टू' आणि 'ऑन'ची अदलाबदल करू नका. लुक बॅक ऑन म्हणजे गेलेल्या दिवसांकडे वळून बघणं. लुक आउट! म्हणजे 'जपून!', त्याचं 'बाहेर बघ' करून कुणी खिडकीतून डोकं काढलं तर पंचाईत. खिडकीतून बाहेर बघण्यासाठी ब्रिटिश लेखनात 'लुक आउट ऑफ द विंडो', अमेरिकन बोलण्यात 'ऑफ'शिवायही.

सर्वनाम आलं की जागेचा प्रश्न येतो. बहुतेक जोड्या फुटत नाहीत: लुक आफ्टर हिम, लुक फॉर इट, लुक इन्टू इट. 'लुक हिम आफ्टर' होत नाही. पण लुक अप (कोशात शोधणं) आणि लुक ओव्हर (तपासणं) या जोड्या फुटतात, आणि सर्वनाम असेल तर ते मध्येच यावं लागतं: लुक इट अप, लुक देम ओव्हर. 'लुक अप इट' चूक. नाम असेल तर दोन्ही जागा मोकळ्या: लुक अप द वर्ड, लुक द वर्ड अप.

कर्मणी प्रयोगातही शेजारी सोबत येतो. द मॅटर इज बीइंग लुक्ट इन्टू. द चिल्ड्रन वेअर वेल लुक्ट आफ्टर. वाक्य 'इन्टू' किंवा 'आफ्टर'ने संपलेलं कानाला अपुरं वाटतं आणि हात ते खोडायला जातो. खोडू नका.

हात बसवण्यासाठी

खालची वाक्यं आधी उत्तर झाकून इंग्रजीत करा. चुकलात तर उत्तर पाठ करण्याऐवजी कुठे घसरलात ते ओळखा: जोडी चुकली, काळ चुकला की शेजारी गळला? तीच चूक दोनदा झाली तर त्याच जोडीची चार काळांतली चार वाक्यं स्वतःच्या रोजच्या कामावर बनवा.

तू कुणाकडे बघत होतास? हू वेअर यू लुकिंग ॲट?

तो आज दमलेला दिसतोय. ही लुक्स टायर्ड टुडे. (इज लुकिंगही चालेल.)

मी तीन महिन्यांपासून नोकरी शोधतेय. आय हॅव्ह बीन लुकिंग फॉर अ जॉब फॉर थ्री मंथ्स.

तुमचा नवा सहकारी दिसायला कसा आहे? व्हॉट डज युवर न्यू कलीग लुक लाइक?

शब्द अडला की तो कोशात बघ. इफ यू डोन्ट नो अ वर्ड, लुक इट अप.

त्यांनी माझ्या तक्रारीची चौकशी केली नाही. दे डिड नॉट लुक इन्टू माय कम्प्लेंट.

तुमच्यासोबत काम करायला मी उत्सुक आहे. आय लुक फॉरवर्ड टू वर्किंग विथ यू.

आम्ही पोचलो तोवर त्यांनी सगळे कागद चाळले होते. दे हॅड लुक्ट थ्रू ऑल द पेपर्स बाय द टाइम वी अराइव्ह्ड. इथे 'हॅड' हवाच, कारण 'कशाच्या आधी?' याचं उत्तर वाक्यातच आहे.